सहा भाषांतली आई

वारल्यानंतर साळूबाई गुजराती बोलायला लागली. आत्ता तर शेफालीच्या फोनमधून ती तमिळ बोलत होती, आणि शेफाली टेबलापलीकडून कौतुकानं मान डोलावत होती.

"ऐकलंत ना मॅडम? किती नॅचरल!"

नूतननं ऐकलं होतं. बोलण्याआधी घसा खाकरायची तिच्या आईला सवय होती. मशीननं ती सगळ्या भाषांत जशीच्या तशी ठेवली होती. पुढचं सगळं परकं, पण ते खाकरणं हिर्डोशीच्या घरातलं.

नसरापूरला हायवेच्या कडेला, हार्डवेअरच्या दुकानावर कंपनीचं ऑफिस होतं. भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी तांदूळ कंपनी व्हॉट्सॲपवरून शहरातल्या लोकांना विकायची. गेल्या सुगीत कंपनीच्या माणसांनी साळूबाईला खळ्यावर बसवून पोटभर बोलतं केलं. लावणी, झोडणी, कण्यांची पेज, जावा-नणंदा. तिनंही हौसेनं सांगितलं. पावसाळ्याआधी ती गेली. आवाज कंपनीकडं राहिला, आणि कॉम्प्युटरनं त्या आवाजाला सहा भाषा शिकवल्या.

कंडक्टरशी हिंदी बोलायची वेळ आली तरी जी पदर तोंडाला लावायची, ती आता अहमदाबादच्या बायकांना भाताला पाणी किती घालायचं ते सांगत होती. जिचं वाक्य घरात कुणी पुरं होऊ दिलं नव्हतं, तिचं हजारो लोक शेवटपर्यंत ऐकत होते. शेवटी ऑर्डरचं बटण होतं.

"गुजरातीत आम्ही त्यांना 'बा' केलंय," शेफाली सांगत होती. "कानडीत 'अज्जी', तमिळमध्ये 'पाट्टी'. प्रत्येकाला आपली वाटायला हवी ना! बडोद्याच्या एका बाईंनी लिहिलं, बा, गुडघे फार दुखतात. तर आईंनी काय उत्तर द्यावं? म्हणाल्या, दहा किलोची पिशवी मागव गं, दारापर्यंत येईल, तुला उचलायला नको. मॅडम, आमच्याकडे एवढे लोक आहेत, पण आईंसारखं काम कुणाचंच नाही."

"माझी आई गेलीय," नूतन म्हणाली.

"हो ना. कळलं तेव्हा सगळ्या टीमला फार वाईट वाटलं. म्हणून तर आम्ही आवाजाचा टोन जरा हळवा केला."

कंपनीचा दुखवट्याचा मेसेजही आला होता. वर लिहिलं होतं, आपली भाषा निवडा. नूतननं मराठी निवडल्यावर ईश्वर मृतात्म्यास शांती देवो असं आलं, आणि त्याखाली सवलतीचं कूपन. कूपनला आईचंच नाव होतं.

"हे बंद करा," ती म्हणाली. "सगळ्या भाषांतलं. आजच."

शेफालीचा चेहरा पडला. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "दिवाळीचं सगळं आईंवरच आहे हो. पुढच्या आठवड्यात त्यांना बंगालीत आणतोय. पण घरच्यांची इच्छा नसेल तर जबरदस्ती नाही. परवानगी तुमच्या वडिलांची, काकांची होती. त्यांनी तोंडानं एकदा सांगावं, लगेच थांबवते. प्रत्येक नवी भाषा आधी काकांच्याच नंबरवर पाठवतो आम्ही, बाकीच्यांना नंतर. मानाचा मेसेज."

त्या मानाचं काय होत होतं ते नूतनला ठाऊक होतं. वहिनीनं फोनवर सांगितलं होतं, मेसेज वाजला की मामंजी भरल्या ताटावरून उठतात आणि गोठ्यात जाऊन बसतात, आत कुणाला येऊ देत नाहीत. नूतननं भोरच्या आपल्या शाळेत रजा टाकली, हिर्डोशी गाठली आणि वडिलांना एसटीत बसवून इथवर आणलं. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी असा खेळ तिला बघवत नव्हता.

कोंडिबा सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, डाग पडेल म्हणून बेतानं. मोबाईल दोन्ही हातांत धरला होता.

"आबा, सांगा ह्यांना. बंद करायचं ना?"

कोंडिबांनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा शेफालीकडं.

"बंद करा, बाई. मराठीतलं आधी करा."

नूतननं निघायला पिशवी उचलली.

"हिंदीबी करा," कोंडिबा म्हणाले. "बा का काय ती, तीबी करा. समदंच करा." मग त्यांनी हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. "कानडी तेवढं ऱ्हाऊ द्या."

"कानडी?" शेफालीनं लगबगीनं स्क्रीनवर पाहिलं. "काका, कानडीत आपल्याला ग्राहकच नाहीत फारसे. ठेवायचंच तर गुजराती ठेवू या ना. तिथं आई खूप जोरात आहेत."

"नगं. कानडीच."

"आबा," नूतन खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला कुठं कानडी येतं?"

"न्हाई येत."

"मग कशाला ठेवायचं ते? तिला कशाला अजून राबवायचं?"

कोंडिबांनी मोबाईल कोपरीच्या खिशात ठेवला आणि वरून हात धरला.

"मराठीत ती तांदूळ इकती, पोरी, त्ये कळतं मला. कानडीत काय म्हनती त्ये काय बी कळत न्हाई. मंग वाटतं, माज्यासंगंच बोलतीया."