तळव्यावरचं एरंडेल

"सर, याला शेवटचं एरंडेल तुमच्या लग्नाच्या वर्षी लावलं असणार," चित्रा मल्लखांबावरून हात फिरवत साखळकर सरांच्या कानाशी कुजबुजली. तिच्या तळव्यावर नुसती धूळ होती.

खेळाडूंच्या राखीव जागेवर तिला घ्यायला शहरातलं हे सर्वांत मोठं कॉलेज तयार होतं. वसतिगृहही फुकट. "बाळ, खांब कुठे पळून जातोय? आधी सही कर," प्राचार्य हसून म्हणाले.

"उद्या सांगते."

शाळेत तिला खांबावर चढवणारे साखळकर सर तिच्यामागून बाहेर पडले. कॉलेज आपली परीक्षा घेतं, तशी आपणही त्याची घ्यावी, हे त्यांनीच शिकवलं होतं. पण हातची जागा गेली, तर पोरीच्या वडिलांना काय तोंड दाखवायचं?

दुपारी दोघं नदीपलीकडच्या छोट्या कॉलेजात गेली. पत्र्याच्या शेडखाली खांब उभा होता. चित्राने हात लावला आणि तळवा एरंडेलाने चकाकला. इथे रोज कुणीतरी चढत होतं.

सरांनी हात पुसायला रुमाल पुढे केला.

"राहू द्या," म्हणत तिने दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, चपला काढल्या. "तुम्ही फॉर्म घेऊन या. मी जरा वर जाऊन येते."