बंद गाडीचा ब्रेक

दादा गेल्यापासून त्याच्या जुन्या गाडीची बॅटरी रोज उतरत होती. धाकटा भाऊ स्वतः गाड्यांचा वायरमन, पण त्याच्यावरही हात टेकायची वेळ आली होती. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासून झाला, त्याच्या वायरी बदलून झाल्या, कंबरेचा काटा ढिला झाला. आणि संध्याकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

"करंट पितंय तरी कोण?" तो वैतागला. वहिनी गॅरेजच्या दारात उभी होती.

त्याने बॅटरीच्या तारेत टेस्ट लॅम्प जोडला. गाडी बंद असूनही तो पेटला. मग तो एकेक फ्यूज काढत गेला. ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि लॅम्प विझला.

"सापडला चोर!"

फ्यूज परत लावून तो मागे गेला. दोन्ही लाल दिवे लागले होते. पेडलवरचा स्विच अडकला असणार, म्हणून तो ड्रायव्हरच्या दाराशी वाकला.

स्विच ठीक होता. पेडलच खाली दाबलेलं होतं.

त्याने खालून बोटं घालून ते उचललं. ते वर आलं, आणि मग सावकाश, बोटांसकट, पुन्हा खाली गेलं.

"हात काढा, भावजी," वहिनी थकल्या आवाजात म्हणाली. "बॅटरी उतरली की हे आपसूक पाय उचलतात."