नीट न बसलेली तोटी

काळ्या पडलेल्या ट्रान्सफॉर्मरखाली वाकून चौकशी अधिकारी भरतेशनं तेलाचा नमुना काढायची तोटी फिरवून पाहिली. ती आणखी आवळली गेली. म्हणजे नीट बंदच नव्हती. तेल ठिबकत राहिलं, आतली पातळी उतरली, तारांची गुंडाळी उघडी पडली आणि साताऱ्याच्या डोंगरातल्या त्या छोट्या जलविद्युत केंद्रात स्फोट झाला. त्यात ऑपरेटर मुजीब गेला.

जवळच गवतात एक रिकामी बाटली पडली होती. ती पाहून भरतेशच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या आष्टा गावचा म्हणून त्यानंच मुजीबच्या नोकरीसाठी शब्द टाकला होता.

खिशातला फोन वाजला. आई होती.

“जेवलास का रं? आज बस्तीत भगवंताच्या दर्शनाला मी चालतच गेले बग.”

“बरं झालं,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

मुजीबची बायको शबाना फाटकाशी बसून होती. चौकशीत नवऱ्याची चूक निघाली नाही, तरच तिला त्याच्या जागी नोकरी मिळणार होती.

“मुजीब इथलं तेल न्यायचा?” भरतेशनं तिला विचारलं.

ती घुटमळली. “सुट्टीला गावाकडं जाताना न्यायचे. एकच बाटली.”

“वेल्डिंगवाल्याला विकायला? त्यांच्या मशीनला हेच तेल लागतं.”

“न्हाई वो. कुणाच्या तरी उपयोगी पडतंय म्हणायचे. नाव सांगायचं न्हाई, शब्द दिलाय म्हणायचे.”

“चोर दुसरं काय सांगणार, बाई?”

भरतेशला तिची दया आली, पण रागापुढं ती टिकली नाही. कारण म्हणून त्यानं ‘तेलचोरी’ असं स्वच्छ लिहिलं, अहवाल तिथूनच पाठवून दिला आणि गाडी आष्ट्याकडं वळवली.

घरी दार आईनंच उघडलं. गुणमालाबाई आत जाऊन पाय पसरून बसल्या.

“मुजीब कवा येणार हाय रं?”

“का?”

त्यांनी लुगडं गुडघ्यावर सारलं आणि कोनाड्यातली बाटली तळहातावर उपडी केली. शेवटचे थेंब पडले. दिवसभर भरतेशच्या हातांना येत होता, तोच वास खोलीत पसरला.

“ह्ये संपलं. गुडघ्याला लय गुण आलाय. तुला मागितलं तर तू वराडशील, म्हणून त्याला सांगितलं. पयल्यांदा न्हाईच म्हणत हुता. मग मीच म्हणलं, माझ्या लेकानं तुला कामाला लावलंय, येवढं बी करायचा न्हाईस?”