फडताळाचं कुलूप

"एकादशी अन् दुप्पट खाशी," असं मी आईला पाहुण्यांसमोर म्हणाले होते. शुगरची नवी गोळी सुरू झाल्यापासून ती फुगतच चालली होती. चोरून खाते, असं समजून मी फडताळाला कुलूप घातलं.

आज माझ्या कामाच्या प्रयोगशाळेत दोन बशांतल्या चरबीच्या पेशी पाहिल्या. खाद्य दोन्हींना सारखंच होतं. एकीत फक्त आईच्या गोळीतलं औषध घातलं होतं. ते केंद्रकातल्या ग्राही प्रथिनाला चिकटलं, चरबी साठवणारी जनुकं जागी झाली आणि पेशी तेलाच्या थेंबांनी गच्च भरल्या.

घरी येताच कुलूप काढायला गेले. "खाण्यानं नाही, गोळीनं वाढतंय तुझं वजन. पण सोडली तर शुगर चढेल."

आईनं माझा हात धरला.

"मग कुलूप राहू दे. मी खात नाही, याचा तेवढाच पुरावा आहे माझ्याकडे."