जपानातला ठिपका

भूल देणाऱ्या डॉक्टर उल्काला तपासून गेल्या तेव्हा तिच्या नवऱ्याचा, वरदचा, फोनच्या नकाशावरचा ठिपका जपानातल्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणाऱ्या पुलावर होता. उल्काने फोन उशीला टेकवून उभा केला होता. आता चढ संपला, पुढे नुसता उतार आहे, असं तिने भार्गवीला सांगितलं. भार्गवीने मान हलवली. मैत्रिणीसाठी ती शहरातल्याच सेरंगून भागातून रजा टाकून हॉस्पिटलात आली होती, पण ही लपवाछपवी तिला अजिबात पटलेली नव्हती.

पटणार तरी कशी? उल्काच्या गळ्यातली गाठ काढायची होती. ती कसली आहे ते काढून तपासल्यावरच कळणार होतं. ऑपरेशनची तारीख नेमकी वरदच्या सायकलप्रवासात आली, आणि पुढची मिळत होती ती दीड महिन्यानंतरची. दुसरी कुणी असती तर नवऱ्याला सांगून मोकळी झाली असती. या बाईने त्याच्यापुढे अवाक्षर काढलं नाही.

तिचीही बाजू होती म्हणा. जपानच्या खेड्यापाड्यांतून सायकल चालवायची हे वरदचं लग्नाआधीपासूनचं वेड. एकदा उल्काच्या प्रबंधापायी त्याने बेत रद्द केला, एकदा तिच्या आईच्या आजारपणात. दोन्ही वेळा हसत हसत, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. गाठीचं कळलं असतं तर तो तिसऱ्यांदाही घरी बसला असता. ते तिला होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून तिने उलट त्याचीच काळजी करायचं नाटक केलं. अनोळखी रस्ते, तेव्हा तू कुठे आहेस ते मला सतत दिसलं पाहिजे, अशी अटच घातली. वरद हसला. चोआ चू कांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दोघांचे फोन शेजारी शेजारी ठेवून त्याने काय काय दाबलं आणि ते जमवून दिलं.

मग सामानावरून वाजलं. ओझं नको म्हणून गडी बुटांचा एकच जोड नेणार होता, तोही सायकलचा, तळाला लोखंडी पट्टी असलेला. ते बूट घालून तो घरभर टकटक करत फिरायचा आणि उल्का रोज त्याच्यावर ओरडायची. निदान चपला तरी घे म्हटलं, तर म्हणे मुक्कामाच्या घरी सपाता देतात. बरोबर सारंगसारखा शहाणा मित्र आहे, एवढंच तिचं समाधान.

काल संध्याकाळी ती इथे दाखल झाली. पलंगावर बसते न बसते तोच वरदचा मेसेज आला. वारा उलटा होता, सीट टोचत होती, नूडल्स अळणी होत्या. शेवटी, तू काय करतेयस? तिने लिहिलं, घरीच आहे, पिठलं टाकलंय. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, बरं, लवकर झोप.

आज मात्र स्वारी खुशीत दिसत होती. सकाळपासून ठिपका सरकत होता आणि फोटो येत होते. डोंगरउतारावर संत्र्यांच्या बागा. रस्त्याकडेला फळीवर मांडलेली संत्री. विकणारं कुणीच नाही, आपली आपण घ्यायची आणि डब्यात पैसे टाकायचे. समुद्राच्या कठड्याला टेकवलेली सारंगची पिवळी सायकल. वरद कुठल्याच फोटोत नव्हता, कारण फोटो तोच काढत होता. खाली लिहिलेलं, रस्ता सुंदर, हवा छान, काळजी नसावी.

उल्काला हसूच आलं. हा माणूस स्वर्गात गेला तरी सीट टोचते म्हणेल, आणि आज एक कुरकुर नाही! मधेच एक मेसेज आला आणि वाचायच्या आत पुसलाही गेला. सायकल चालवताना बोटं कुठेही पडत असतील, असं ती म्हणाली.

"फोन कर त्याला," भार्गवी म्हणाली. "अजून वेळ आहे."

"चालत्या सायकलवर तो फोन घेत नाही." उल्काने घसरलेला फोन पुन्हा उशीला टेकवला. "मला भीती वाटतेय गं. तो इथे असायला हवा होता. पण नाहीये तेच बरं."

तिला न्यायला माणसं आली. तिने फोन भार्गवीच्या हातात दिला आणि ठिपक्यावर लक्ष ठेव म्हणून बजावलं.

शुद्ध येताना आधी घसा जळजळला. मग लांबून कुठूनतरी टकटक ऐकू आली. फरशीवर ओरखडे पडतील, असं ओरडावंसं तिला वाटलं, पण आवाज फुटेना आणि तिचा पुन्हा डोळा लागला.

नीट जाग आली तेव्हा भार्गवी शेजारी उभी होती. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टरांना ती साधीच वाटतेय, पण रिपोर्ट पुढच्या आठवड्यात, असं तिने सांगितलं. बोलायचं मात्र नाही. उल्काने खुणेनेच फोन मागितला. ठिपका समुद्राकाठच्या एका खेड्यात थांबला होता. ती बघत असतानाच वरदचा मेसेज आला.

मुक्कामाला पोचलो. जेवण छान. काळजी नसावी.

उल्काने डोळे मिटले. झाला एकदाचा त्याचा जपान. त्याला काही कळलं नाही, त्याने काही सोडलं नाही. तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी ते बोटाने पुसलं. बोट खरखरीत होतं, भार्गवीचं नव्हतं.

तिने डोळे उघडले. वरद पलंगाला टेकून उभा होता. दाढी वाढलेली, दोन्ही हात रिकामे, पायांत तेच सायकलचे बूट.

"विमानात सीट फार टोचली," तो म्हणाला. "फोन सारंगकडे ठेवून आलो. आणि ठिपका तुझाही दिसतो गं मला."