काट्यावरची नजर

काट्यावर ट्रॅक्टर पुन्हा अडला आणि इकडं शेवगावात, पेठेतल्या घरी, अलीमशेठच्या तोंडातला घास अडला.

उजव्या हातात भाकरी, डाव्या हातात मोबाईल. मोबाईलवर त्यांच्या जिनिंगचे सगळे कॅमेरे एकदम उघडलेले. कापसानं भरलेला ट्रॅक्टर वजनकाट्यावर उभा. दयाबाई कंप्युटरपुढं बसलेली. वजन झालेलं, पण इंटरनेटवरनं निघणारी पावती काही निघेना. पावती नाही म्हणजे ट्रॅक्टर हलायचा नाही, अन् मागं रांग पार नेवाशाच्या रस्त्याला टेकलेली.

कंप्युटरवरचं ते गोल चक्र फिरायचं ते फिरतच राहायचं. रांगेत ड्रायव्हरांच्या दाढ्या छातीपर्यंत आल्या. दोघांच्या सोयरिकी जमल्या, एकाला नातू झाला. गाडीतल्या कापसाला परत बोंडं धरायची पाळी आली. वर गाडी खोळंबली म्हणून टेम्पोवाले जादा भाडं मागायचे, ते जायचं शेठच्या खिशातून. ज्या शेतकऱ्याचा धीर सुटला, तो तोंड वळवून शेजारच्या जिनिंगला. हंगाम असाच गेला तर जिनिंगला कुलूप लागणार, हे शेठना कळत होतं.

दोष कोणाचा, हे तर त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. ते स्वतः फटफटीवर जिनिंगला गेले, मोबाईल खिशात घालून दयाबाईच्या मागं उभे राहिले, की पावत्या लाह्यांसारख्या उडायच्या. रांग बघता बघता रिकामी. शेठ खुशीत घरी यायचे, सुजलेला गुडघा लांब करून बसायचे, मोबाईल उघडायचे, तर गाडी अडलेली.

"मी समोर असलो की पळता, पाठ फिरली की बसता," शेठ म्हणायचे.

"मग हितंच बसा की शेठ. तुमच्या पायगुनानं तरी चालतंय," दयाबाई म्हणायची. "आमी काय त्या चक्राला बैल जुपावा?"

शेठनी बैल नाही, कॅमेरे जुपले. काट्यावर, फाटकावर, दयाबाईच्या डोक्यावर. चहाच्या पातेल्यावरसुद्धा एक, चहा कोण किती वेळ पितं ते बघायला. पण जितके कॅमेरे वाढले तितकं काम ढिलंच पडत गेलं. माणसं निबर झालीत, दुसरं काय.

आज मात्र निकाल लागणार होता. नगरहून केविन नावाचा इंजिनिअर बोलावला होता. त्यानं कंप्युटर ठीक आहे म्हणायचा अवकाश, संध्याकाळी दयाबाई घरी. तसं तिला सकाळीच सांगून टाकलेलं. नेहमी टोले हाणणारी बाई नुसती पदरानं कीबोर्ड पुसत राहिली होती.

शेठना एका जागी बसवेना. ओसरीवर गेले, आत आले, पाणी तोंडाला लावलं, न पिताच ठेवलं. नजर मोबाईलवरनं हलली नाही. केविन टेबलाखाली वाकलेला दिसला. मग वायरी चाचपताना दिसला. मग थेट कॅमेऱ्याकडं बघत डोकं खाजवताना दिसला.

"अजी, कालवण निवतंय," त्यांची बायको हसीना म्हणाली.

"हितं माझा जीव जळायला लागलाय अन् तुला कालवनाचं पडलंय."

तेवढ्यात हसीनाचा फोन वाजला. केविनच होता; शेठ कॅमेरे सोडून फोन उचलत नाहीत, हे जिनिंगवर सगळ्यांना ठाऊक. तिनं स्पीकर लावून फोन शेठच्या पुढ्यात ठेवला.

"शेठ, कंप्युटरला काही झालेलं न्हाई. दयाबाईंचाबी काही दोष न्हाई, त्यांना घरी घालवू नका," केविन म्हणाला. "इंटरनेटची मोठी लाईन घ्यायचा खर्चबी नको. हाय ती लाईन पावत्यांना पुरून उरती. पर तिच्यातून एक मानूस सारखा व्हिडिओ ओढतोय. त्याच्यापुढं पावतीला वाटच मिळंना. त्यो थांबला की गाड्या आपोआप सुटत्यात."

शेठ ताठ झाले. एवढे कॅमेरे लावून जो सापडला नव्हता, तो शेवटी सापडला.

"नाव सांग त्याचं. आत्ताच्या आत्ता घरी बसवतो."

"त्यो घरीच बसलाय, शेठ."

"कुनाच्या घरी?"

केविन घुटमळला. मोबाईलवर त्याच्या मागं दयाबाई तोंडावर पदर धरून हसताना दिसत होती.

"शेठ, तुमी आत्ता काय करताय?"

शेठनी मोबाईल डोळ्यांच्या आणखी जवळ नेला.

"काय करनार? गाडी का अडली, ते बघतोय."