नळी बदलायचा दिवस

देवसिंगच्या मनगटाला जोडलेली नळी आज बदलायची होती. मंजुषा सिस्टरने कपाट उघडलं, तर आत एकच नवा संच उरलेला.

"तो शेजारच्या खाटेला लावा," डॉक्टर स्वानंद हळूच म्हणाले. "ह्याचं राहू द्या, सिस्टर. आजचा दिवस निघाला तरी पुष्कळ."

कपाशीवरच्या फवारणीचं विष अंगात भिनलेला माणूस. धमनीतल्या सुईला जोडलेल्या त्या नळीवरून रक्तदाबाचा आकडा पडद्यावर दिसायचा. जंतू शिरू नयेत म्हणून दर चौथ्या दिवशी ती अख्खी बदलायची, आणि हा नियम मंजुषाने कधी मोडला नव्हता. आज मोडला. डॉक्टरांचं चुकलं असंही म्हणता येईना, याचाच तिला जास्त राग आला.

काचेपलीकडून देवसिंगची बायको सुखीबाई सगळं बघत होती. शेजारच्याची नळी बदलली आणि आपल्या माणसाची नाही, हे तिच्या नजरेतून सुटणार थोडंच. मंजुषा बाहेर येताच तिने गाठलं.

"बाई, आमची नळी काहून नाही बदलली? आज पाळी होती न?"

"आज गरज नाही, मावशी." खोटं बोलायचं नव्हतं, खरं तोंडातून निघेना, मधलंच काहीतरी निघून गेलं.

सुखीबाईचा चेहरा उजळला. "गरज नाही? उतार पडला म्हणा न मंग."

मंजुषा तोंड उघडणार, तोच आतलं एक यंत्र कोकलायला लागलं आणि तिला पळावं लागलं. परत आली तेव्हा सुखीबाई फोनवर होती. झरीकडच्या त्यांच्या तांड्यात रेंज नाही. निरोप द्यायचा तो फाट्यावरच्या किसनरावांच्या दुकानात. तिथेच तिचा थोरला, लखन, एसटीची वाट बघत थांबला होता, बापाला बघायला यायचं म्हणून.

"किसनराव, लखनले म्हणा, आता येऊ नको. बापाले उतार हाये, नळीची बी गरज नाही म्हणते बाई. अर्धं वावर फवारायचं राह्यलं, तेवढं करून टाक म्हणा. बाप घरी आला का पयले तेच पुसन."

मंजुषाने फोनसाठी हात पुढे केला. "मावशी, द्या इकडे." पण फोन तोवर बंद झाला होता. तिने परत लावला. लागेना. पुन्हा लावला. सिस्टरला आपल्या पोराशी काय बोलायचं असेल, याचं नवल करत सुखीबाई हसून बघत राहिली.

शेवटी किसनरावांनी उचलला.

"लखनला थांबवा. आत्ताच्या आत्ता इकडे पाठवा त्याला."

"गेला न तो, बाई. एसटी बी गेली. मस्त खुशीत होता. माह्या दुकानातूनच फवारणीच्या औषधाचा डबा घेतला अन् पळतच गेला वावरात."